घड्याळाआधी पायांतलं बळ

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी आई ७३ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून सांगलीच्या घरात एकटीच राहते. मी ठाण्याला असते, भाऊ टोरांटोला. महिन्याभरापूर्वी पहाटे पाचच्या सुमारास बाथरूमला जाताना ती पडली. उजवं मनगट मोडलं, अजून प्लास्टर आहे. मोबाइल पलंगाजवळ चार्जिंगला लावलेला, तिथवर तिला सरकताही येईना. सात वाजता दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा शेजाऱ्यांना कळलं. दाराला आतून कडी होती, ती फोडावी लागली. भाऊ म्हणतो, पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ पाठवतो आणि घरभर कॅमेरे बसवून टाकू. आई म्हणते, "मला कैदेत ठेवताय का?" पण भीती तिलाही बसली आहे. रोजचं फिरणं बंद झालंय, खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी टाळते. रक्तदाबाची गोळी जुनी आहे, झोपेची अर्धी गोळी बाबा गेल्यानंतर सुरू झाली. ठाण्याला चल म्हटलं तर ऐकत नाही. घड्याळ घ्यावं का? कॅमेरे लावावेत का?
— एक लेक, ठाणे

उत्तर: प्रिय लेकी, घड्याळ जरूर घ्या. कॅमेरे आईच्या मनाविरुद्ध लावू नका. तुमच्या प्रश्नांची उत्तरं एवढीच आहेत. पण तुमच्या पत्रात तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आहे आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. आई पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं? घड्याळ आणि कॅमेरा दोन्ही पडल्यानंतर कामाला येतात. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं पुष्कळसं तुम्ही दोघं भावंडं लांबून, हातातल्या फोनवरून करू शकता.

जमिनीवर गेलेल्या त्या दोन तासांनी तुम्ही हादरला आहात, हे मला कळतं. ती भीती अनाठायी नाही. म्हातारपणी बराच वेळ जमिनीवर पडून राहिलं की अंगातलं पाणी कमी होतं, स्नायूंना इजा होते, त्वचेवर व्रण पडतात आणि मन तर खचतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात आणि त्यातली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. त्यामुळे मदत लवकर मिळायलाच हवी. पण इंग्लंडमध्ये केंब्रिजला नव्वदीच्या पुढच्या लोकांचा एक अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पडलेल्यांपैकी ३० टक्के जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर होते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे मदत मागण्याचं बटण होतं, तरी बहुतेकांनी ते दाबलंच नाही. कुणी ते अंगावर घातलेलंच नव्हतं, कुणाला जमलं नाही, आणि कुणी मुद्दाम दाबलं नाही. उगाच लोकांना त्रास कशाला, हा विचार सांगलीत असतो तसाच तिथेही असतो.

म्हणून घड्याळ घेताना ते आईच्या दिवसात कसं बसेल, हे आधी बघा. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे. जोरात पडल्याचं जाणवलं आणि साधारण मिनिटभर हालचाल झाली नाही, तर ते आपत्कालीन क्रमांकाला आपणहून फोन लावतं आणि घरच्यांना संदेश पाठवतं. पण त्याला आयफोन लागतो. आईकडे अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्याशी जुळणारं घड्याळ शोधा. कोणतंही घ्या, घेण्याआधी तीन गोष्टी भावाला विचारायला सांगा. फोन दुसऱ्या खोलीत असताना ते चालतं का? ते तुम्हाला आधी कळवतं की थेट ११२ ला? ते घालून अंघोळ करता येते का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण ओल्या फरशीवर ते हातात नसेल तर घेऊन उपयोग काय? आणखी एक, अशी घड्याळं आपटून पडलेलं ओळखतात. भिंतीला धरत धरत माणूस हळूच खाली घसरला तर ते त्यांना कळेलच असं नाही. तेव्हा हाताने मदत मागायचं बटणही आईला यायला हवं.

आणि चार्जिंग! बहुतेक जण घड्याळ रात्री चार्जिंगला लावतात. आई पडली पहाटे पाचला. घड्याळ तेव्हा टेबलावर असतं तर दूधवाल्याचीच वाट बघावी लागली असती. संध्याकाळी ती मालिका बघत बसते, त्या वेळात चार्जिंग आणि झोपताना हातात, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता गोळ्यांकडे येते, कारण पत्र वाचताना माझं लक्ष आधी तिथेच गेलं. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि पहाटेची वेळ. झोपेच्या गोळीचा अंमल कधीकधी सकाळपर्यंत राहतो. त्यात रात्रभर आडवं असलेलं माणूस एकदम उठलं की रक्तदाब झपकन उतरू शकतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. नेमकं असंच झालं, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण हे घरच्या घरी तपासता येतं. दंडाला पट्टा बांधायचं रक्तदाबाचं डिजिटल यंत्र आणा. आईला पाच मिनिटं शांत आडवं राहू द्या आणि रक्तदाब मोजा. मग उभं करा, एका मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. प्लास्टरच्या हाताला पट्टा नको आणि शेजारी धरायला कुणीतरी हवंच. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

त्याच भेटीत आईच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा. सगळ्या म्हणजे सगळ्या. ॲसिडिटीची, सर्दीची, शेजारच्यांनी दिलेली आणि आयुर्वेदिकसुद्धा. तुम्हाला जाता येत नसेल तर प्रत्येक पाकिटाचा मागून-पुढून फोटो काढून व्हॉट्सॲपवर मागवून घ्या आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, "यातल्या कोणत्या गोळीने तोल जाऊ शकतो?" नेहमीचे डॉक्टर भेटत नसतील तर सरकारच्या ई-संजीवनीवरून व्हिडिओ कॉलने डॉक्टरांशी विनामूल्य बोलता येतं. फक्त झोपेची गोळी तुम्ही किंवा आईने आपल्या मनाने एकदम बंद करू नका. ती हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार कमी करावी लागते. बाबांच्या जाण्याचं दुःख त्या गोळीमागे आहे, त्याविषयीही डॉक्टरांशी मोकळेपणी बोला.

हाडांचंही राहून जातं, म्हणून इथेच सांगते. उभ्याउभ्या पडून ७३ व्या वर्षी मनगट मोडतं, तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याची ती खूण असू शकते. प्लास्टर काढून हाड जुळलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढची तपासणी होतच नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांना तुम्ही स्वतःहून विचारा. ड जीवनसत्त्वाचा डोस मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय वाढवू नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा मोठा डोस देऊन पाहिला होता. २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा तो घेणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी वाढलेलं निघालं.

आता पायांचं बळ. इथे मला सगळ्यांत जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण आईचं खुर्चीतून न उठणं मला त्या मोडलेल्या मनगटापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. माणूस एकदा पडतं, घाबरतं, हालचाल कमी करतं. हालचाल कमी झाली की मांड्या आणि पोटऱ्या बारीक होतात, तोल आणखी जातो, आणि पुन्हा पडण्याची पाळी येते. "आई, तू नुसती बसून राहा, आम्ही बाई ठेवतो," असं प्रेमापोटी म्हणणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. त्या प्रेमानेच आईचे पाय जातात.

व्यायामाने पडणं कमी होतं, ही गोष्ट आता पक्की आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१९ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात व्यायाम करणाऱ्या वयस्क मंडळींचं पडणं २३ टक्क्यांनी कमी आढळलं. व्यायाम म्हणजे तोल सांभाळण्याचा आणि पायांच्या ताकदीचा. आईचं प्राणायाम चालू असेल तर ते चालू द्या, रोजचं फिरणंही पुन्हा सुरू होऊ दे, पण तेवढ्यावर भागत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने घरी करायचा जो व्यायामक्रम बसवला, तो आज जगभर वापरतात. त्यात असतं काय? खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, चवड्यांवर उभं राहणं, टाचांवर चालणं, बाजूला पावलं टाकणं, एका पायावर उभं राहणं. आपल्याकडे कुठल्याही चांगल्या फिजिओथेरपिस्टला हे माहीत असतं.

यात फोनची मदत किती होते, तेही सांगते. सिडनीत सत्तरीच्या पुढच्या, स्वतंत्र राहणाऱ्या ५०३ जणांवर 'स्टँडिंग टॉल' नावाच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला. टॅब्लेटवर तोलाचे व्यायाम दिसायचे, ते बघून घरीच करायचे, हळूहळू आठवड्याला दोन तासांपर्यंत जायचं. पहिल्या वर्षात पडण्यात स्पष्ट फरक दिसला नाही. दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा व्यायाम करणारे १६ टक्क्यांनी कमी वेळा पडले होते आणि इजा होईल असं पडणं २० टक्क्यांनी कमी झालं होतं. २०२१ सालचं हे संशोधन मी घरोघरी सांगते, ते त्यातल्या पहिल्या वर्षासाठी. महिनाभर करून "काही फरक नाही" म्हणत सोडून देणारे फार असतात.

तुमच्या आईसाठी हे कसं दिसेल? फिजिओथेरपिस्टने घरी येऊन तिला तपासल्यावरच सुरुवात करा. मग स्वयंपाकघरात ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा ठेवायचा, तिची पावलं दिसतील इतका तिरका. पायांत न झिजलेल्या चपला किंवा बूट, गाऊन घोट्याच्या वर. ती डाव्या हाताने ओट्याची कड धरून उभी. तुम्ही इकडे तुमच्या ओट्याला धरून उभ्या. दोघींनी मिळून टाचा उचलायच्या, तीन मोजायचे, सावकाश खाली. मग एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला अंगठा लावून, दहा सेकंद उभं राहायचं. पहिल्या दिवशी ती पाचव्या सेकंदाला ओटा घट्ट पकडेल. पकडू द्या, ओटा त्यासाठीच आहे. मागे एक भक्कम खुर्ची हवी, प्लास्टिकची नको. सुरुवातीचे काही आठवडे कॉल चालू असताना शेजारचं कुणीतरी प्रत्यक्ष तिथे असू द्या.

भावाला इथे कामाला लावा. टोरांटोत रात्री नऊ वाजले की आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, तिथल्या थंडीच्या दिवसांत साडेसात. जेवण आटोपून त्याने कॉल लावायचा, आईने चहाआधी व्यायाम करायचा. आठवड्यातले तीन दिवस त्याचे, तीन तुमचे. व्यायामाच्या निमित्ताने ती दोन गोष्टी बोलेल आणि तुम्हाला तिची चाल रोज दिसेल. कॅमेऱ्यातून ती नजर मिळणार नाही.

प्रगती मोजायची सोपी रीत आहे. फोनवर स्टॉपवॉच लावा. आईने खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. हे मात्र तुम्ही सांगलीला गेल्यावर, तिच्या बाजूने चालत करायचं. दर दोन-तीन महिन्यांनी तो आकडा वहीत लिहा. तिच्याच हाताने लिहू दे, तेवढं हात बरा झाल्यावर.

घराची पाहणीही व्हिडिओ कॉलवर होते, पण फोन आईच्या हातात नको. पडद्यात बघत चालणं हे पडायला पुरेसं कारण आहे. शेजारची कॉलेजातली मुलगी फोन धरेल, आई पुढे चालेल, तुम्ही बघा. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट आधी बघा, तीही पहाटेच्या अंधारात. पायपुसणं सरकतं का, दाराला उंबरा आहे का, वायर आडवी जाते का? त्या वाटेवर माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारे छोटे दिवे बसवा. ते काही शे रुपयांत मिळतात आणि बॅटरीवर चालणारे घेतले तर वीज गेली तरी अडत नाही. बाथरूममध्ये भिंतीत ठोकून बसवलेली दांडी हवी. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही, ती उखडून हातात येते. बादली जमिनीवर असेल तर उंचवट्यावर ठेवा म्हणजे तांब्या भरायला वाकावं लागणार नाही. अंघोळीला पाटाऐवजी रबरी टोपणं असलेल्या पायांचं उंच स्टूल द्या. चष्मा दूरचं-जवळचं एकत्र बघायचा असेल तर जिना उतरताना खालची पायरी अंधुक दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांना फिरण्यासाठी वेगळ्या चष्म्याबद्दल विचारा, मोतीबिंदूही बघून घ्या.

आणि कडी. घड्याळाने फोन लावला, शेजारी धावत आले आणि दार आतून बंद, तर काय करायचं? बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवा, आतली कडी रात्री लावायची नाही असं ठरवा आणि एक किल्ली शेजारी ठेवा. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या. आत पडलेलं माणूस दारालाच अडकलं की बाहेरून ढकलता येत नाही. सुताराचं एका दिवसाचं काम आहे, घड्याळ यायच्या आधी ते होऊ दे.

फोनबद्दल अजून दोन गोष्टी. घाईघाईने फोन घ्यायला जाताना पुष्कळ जण पडतात. आईला सांगून ठेवा, "वाजू दे, धावायचं नाही, मी पुन्हा लावते," आणि खरंच पुन्हा लावा. फोन कमरेच्या बटव्यात राहू दे, घरातल्या घरातसुद्धा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की आपत्कालीन फोन लागेल अशी सोय असते. ती चालू करा आणि नीट बघून घ्या, बटव्यात चुकून दाबलं जाऊन ११२ ला फोन जायला नको. रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर खाली लावा, जमिनीवर बसलेल्या माणसाला दिसतील असे.

कॅमेऱ्यांविषयी माझं मत ठाम आहे. ज्या जागी ती पडली, त्या बाथरूममध्ये तुम्ही कॅमेरा लावणार नाही. बाकी घरात लावून ती साडी नेसताना, देवापुढे रडताना टोरांटोत दिसेल, एवढंच होईल. "कैदेत ठेवताय का" हा तिचा प्रश्न हट्टाचा नाही. घर तिचं आहे. त्याऐवजी साधी बोली करा, सकाळी सातपर्यंत तिचा व्हॉट्सॲपवर एक संदेश यायला हवा, सुविचार चालेल, फुलाचं चित्र चालेल. सव्वासातपर्यंत आला नाही तर तुम्ही फोन लावायचा, उचलला नाही तर किल्लीवाल्या शेजाऱ्यांना. घड्याळाबद्दलही तिला विचारा, पट्टा कोणता हवा, पहिला फोन कुणाला जावा. तिने ठरवलेलं ती हातात ठेवेल, भावाने पाठवलेलं कपाटात जाईल. ठाण्याला यायचं की नाही हा विषय सध्या काढू नका. ओळखीचं घर, ओळखीचे शेजारी, अंधारातही पायाखालची वाट ठाऊक, यालाही किंमत आहे.

प्लास्टर निघून हातावर भार द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली, की फिजिओथेरपिस्टला आणखी एक गोष्ट शिकवायला सांगा आणि त्या दिवशी तुम्ही सांगलीत असा. जमिनीवरून उठायचं कसं? आधी श्वास स्थिर होऊ द्यायचा, कुठे दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर, कोपरांवर, हात-गुडघ्यांवर येऊन रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, एक पाऊल पुढे टेकवून अंग उचलायचं आणि वळून बसायचं. जमलं तर भीती निम्मी कमी होते. आणि जांघेत किंवा कंबरेत जोराची कळ येत असेल, पाय उचलता येत नसेल, किंवा डोकं आपटलं असेल, तर उठायचा प्रयत्नच करायचा नाही. हाताशी येईल ती चादर अंगावर ओढायची, घड्याळाचं बटण दाबायचं आणि पडून राहायचं. शेजाऱ्यांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर प्रेमाने चौघं मिळून बखोटीला धरून उभं करतात. १०८ ची वाट बघायची. रक्त पातळ करणारी गोळी पुढे कधी सुरू झाली, तर डोक्याला लागलेला साधा टेंगूळसुद्धा त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचा.